भाऊले विचारा : पीसीवर पहिलं धावणारं पोट्टं

मागच्या अंकात मी पॅरिस ऑलिम्पिकमधल्या ग्रेट ब्रिटनच्या मॅचबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं, उरलेली ४३ मिनिटं आपली पोरं दहाच जण खेळली, मॅच १-१ वर रेटून नेली आणि शूटआऊटमध्ये ४-२ नं काढली. शेवटी मी सहज विचारलं होतं की हॉकीवाल्यांना ही एकमेकांसाठी मरायची सवय लागते कुठून, आणि टीमशी निष्ठा निष्ठा म्हणतात ती नेमकी कशाशी खातात. तर बाप्पा, एवढी पत्रं आली की संपादक म्हणाले भाऊ या वेळी बाकीचे सगळे खेळ बाजूला ठेवा. ठेवले.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, डिफेन्सला खेळतो. पेनल्टी कॉर्नर झाला की सगळ्यात आधी बॉलवर धावून जायचं काम त्याच्याकडे. मागच्या महिन्यात गुडघ्याच्या वर बॉल लागला, दहा दिवस लंगडत होता. मी म्हटलं दुसऱ्या कोणाला पाठवायला सांग ना सरांना, तर म्हणतो आई मी नाही गेलो तर कोणीतरी जाईलच ना. गोल वाचला तर टाळ्या गोलकीपरला, गोल झाला तर शिव्या याला. याला त्याग म्हणायचं की मूर्खपणा? बंद करू का? (एक आई, मानेवाडा)

भाऊ : ताई, तुमचं पत्र वाचता वाचता माझा हात आपोआप डाव्या नडगीवर गेला. तिथं एक टेंगूळ आहे, १९८४ सालचं, मुरमाच्या मैदानावरचं. तेव्हा आमच्याकडे शिन गार्ड म्हणजे कोणाकडे असले तर असले, मास्क तर कोणी पाहिलाच नव्हता. घरी गेलो तर आईनं हळद लावली आणि वरून एक चापटही ठेवून दिली. त्यामुळे तुमची काळजी मला पुस्तकातून समजावून घ्यायची गरज नाही.

आधी ज्यांनी पीसी, म्हणजे पेनल्टी कॉर्नर, जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिफेन्स करणाऱ्या टीमचे फक्त पाच जण गोललाईनच्या मागे उभे राहतात, एक गोली, म्हणजे गोलकीपर, आणि चार बाकीचे, उरलेले सगळे सेंटर लाईनच्या पलीकडे. समोरचा एक जण गोलपोस्टपासून १० मीटरवरून बॉल आत ढकलतो, डी च्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, डोक्यावर एक जण तो अडवतो आणि तिसरा ड्रॅग फ्लिक मारतो, म्हणजे बॉल स्टिकवर ओढत नेऊन गोलकडे भिरकावतो. हे सगळं दीडएक सेकंदात होतं. आणि चांगल्या फ्लिकरचा बॉल ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो, आणि तो बॉल म्हणजे टेनिसचा नाही ताई, दगडासारखा कडक प्लॅस्टिकचा. बॉल ढकलला रे ढकलला की गोललाईनवरून जो सुसाट सुटतो त्याला म्हणतात फर्स्ट रशर. तो थेट फ्लिकरच्या अंगावर जातो. त्याचं काम बॉल अडवणं एवढंच नसतं, फ्लिकरला अर्धा सेकंद कमी मिळाला, त्यानं घाईत कोपरा बदलला, तरी रशरचं काम झालं. आणि हे स्कोअरशीटवर कुठंच लिहिलं जात नाही. गोल कोणी मारला लिहितात, कार्ड कोणाला मिळालं लिहितात, पण फ्लिकरनं घाई केली आणि बॉल पोस्टच्या बाहेर गेला तर त्या ओळीत रशरचं नाव नाही.

आता नियमातली गंमत ऐका, म्हणजे तुमचा पोट्टा काय हिशोब करतो ते कळेल. पहिल्या शॉटच्या वेळी डिफेंडर पाच मीटरच्या आत असला आणि बॉल त्याला गुडघ्याच्या खाली लागला तर समोरच्यांना परत पीसी मिळते. म्हणजे मारही खाल्ला आणि वर शिक्षाही. आणि गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला, तो नीट उभा किंवा धावत असताना, तर शॉट डेंजरस धरतात आणि फ्री हिट आपल्याला. म्हणजे तुमच्या मुलाला तो जो गुडघ्याच्या वर लागला ना, त्यावर बहुतेक त्याच्या टीमला फ्री हिट मिळाली असेल आणि पोरं येऊन त्याच्या पाठीवर थापा मारून गेली असतील. तो घरी येऊन तुम्हाला फक्त लंगडणं दाखवतो, थापांचं सांगत नाही.

आपल्या रोहिदासचंच घ्या. ओडिशातल्या सुंदरगढचा माणूस, इतकी वर्षं भारताचा फर्स्ट रशर. गल्लीतल्या पोराला विचाराल तर गोली श्रीजेश माहीत असतो, फ्लिकर हरमनप्रीत माहीत असतो, रोहिदासचं नाव त्याला रेड कार्डामुळे कळलं. त्या कार्डामुळे सेमीफायनलला तो बाहेर बसला, आणि जर्मनीचा पहिला गोल पीसीवरूनच आला. तो असता तर वाचलाच असता असं मी म्हणत नाही, पण त्या दिवशी टीव्हीसमोर बसून मला गोलपेक्षा ती रिकामी जागा जास्त दिसत होती. मॅच आपण २-३ नं गमावली. मग ब्राँझच्या मॅचला तो परत आला आणि पुन्हा तेच काम, मास्क घाल आणि धाव.

त्यामुळे मूर्खपणा म्हणू नका. पण त्याग त्याग करून डोक्यावरही घेऊ नका हो, कारण एकदा का पोराला वाटलं की मार खाणं हीच आपली किंमत, की मग ते गार्ड न घालता धावायला लागतं. मी असे दोघं-तिघं पाहिले, छाती काढून जायचे, शहाणपण शून्य. चांगला रशर अंग बॉलच्या रेषेच्या बाजूला ठेवतो आणि स्टिक रेषेत ठेवतो, खाली, टर्फला जवळजवळ घासत. हे शिकवावं लागतं, आणि रोज शिकवावं लागतं. तुम्ही एक दिवस सकाळी ग्राउंडवर जा आणि एवढंच पाहा: फेस मास्क आहे का आणि त्याचा पट्टा नीट बसतो का, गुडघ्याचे पॅड, हातात ग्लोव्ह, अबडॉमिनल गार्ड, तोंडात माउथगार्ड. आणि मुख्य म्हणजे सर एकट्या तुमच्याच पोराला पन्नास पन्नास वेळा पळवतात की दोन-तीन जणांना तयार करून आळीपाळीनं पाठवतात. एकालाच पळवत असतील तर बोला. गोड बोलून नाही झालं तर मोठ्यानं बोला. किट नाही, बजेट नाही असं म्हणाले तर सांगा मग पीसीची प्रॅक्टिसही नाही. बंद मात्र करू नका.

प्रश्न : तुम्ही निष्ठेच्या गोष्टी करता, पण आता खेळाडूंचा लिलाव होतो, अमुक लाख, तमुक लाख, गुरंढोरं विकावीत तसं. आमच्या वेळी खेळाडू एका टीमचा म्हणजे आयुष्यभर त्या टीमचा. १९७५चा वर्ल्ड कप आम्ही रेडिओवर ऐकला आहे. ती माणसं वेगळी होती. आता सगळा बाजार झालाय, असं तुम्हाला वाटत नाही का? (निवृत्त बँक कर्मचारी, धरमपेठ)

भाऊ : साहेब, १९७५ मीही ऐकलाय, १० वर्षांचा होतो, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात एकच रेडिओ आणि त्याच्याभोवती वीस माणसं, अशोककुमारचा गोल झाला तेव्हा कोणीतरी माझ्या पायावर उडी मारली. त्यामुळे तुमच्या आठवणीला मी हात लावत नाही. पण बाजाराचं म्हणाल तर थोडं थांबा.

आधी खेळाडू एका टीमचा का राहायचा? कारण ती टीम म्हणजे नोकरी होती. रेल्वे, पंजाब पोलीस, बीएसएफ, इंडियन एअरलाइन्स, मुंबईला महिंद्रा. एक तारखेला पगार, आजारपणाला सुटी, पुढं क्वार्टर. ती निष्ठा खोटी होती असं नाही, पण तिच्या पोटात भाकर होती हे विसरू नका. तुम्हीही ३० वर्षं एकाच बँकेत काढली असतील साहेब, त्याला आपण निष्ठाही म्हणू शकतो आणि पेन्शनही. (रागावू नका, माझंही तेच झालं.)

आणि दुसरी बाजू बघा ना. धनराज पिल्ले, आपल्या खडकीचा, वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत मैदानाची निगा राखायचे, तुटक्या स्टिका बांधून खेळायला शिकलेला माणूस. १९९८ला बँकॉकच्या एशियन गेम्समध्ये आपण ३२ वर्षांनी सोनं आणलं, आणि त्यानंतर लगेच धनराजसकट कितीतरी सिनियर टीममधून बाहेर. पैशाचा, मॅच फीचा विषय काढला होता पोरांनी. म्हणजे देशासाठी खेळ म्हणताना निष्ठा लागते आणि भत्ता मागितला की ती लगेच संपते, असं कसं? तरी तो परत आला, सिडनी खेळला, अथेन्स खेळला, चार ऑलिम्पिक, चार वर्ल्ड कप. आता सांगा निष्ठा कोणी पाळली आणि कोणी नाही.

हॉकी इंडिया लीगचा लिलाव २०२४च्या ऑक्टोबरात झाला तेव्हा हरमनप्रीत ७८ लाखांना गेला, सगळ्यात महाग. आपल्याकडे क्रिकेटमध्ये एवढ्यात कोणी बातमीही करत नाही. आणि ही लीग २०१७ला बंद पडली ती सात वर्षांनी परत सुरू झाली, म्हणजे मधल्या काळात ज्या पोरांची २० ते २७ ही वर्षं गेली त्यांना विचारा बाजार वाईट की बाजारच नसणं वाईट.

हां, एक गोष्ट मात्र मलाही खटकायची, ती म्हणजे देश बदलणं. गोंझालो पेलाट घ्या, अर्जेंटिनाकडून २०१६ला रिओत ऑलिम्पिक सोनं, मग तिथल्या लोकांशी बिनसलं, गडी गेला जर्मनीला, २०२३ला भुवनेश्वरात जर्मनीकडून वर्ल्ड कप जिंकला. वर सांगितला ना पॅरिसच्या सेमीफायनलचा पीसीवरचा गोल, तोही यानंच मारलेला. आणि नंतर हाच आपल्या लीगमध्ये हैदराबादकडून खेळला आणि आपण टाळ्या वाजवल्या! मी बराच काळ त्याला नावं ठेवली. मग कोणीतरी अली दाराची आठवण करून दिली. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकला ध्यानचंदच्या टीमला एक इनसाइड फॉरवर्ड कमी पडत होता, दाराला हिंदुस्थानातून बोलावून घेतलं, आला, फायनलला जर्मनीवर गोल मारला, आपण ८-१ नं जिंकलो. बारा वर्षांनी लंडनला तोच दारा पाकिस्तानचा कॅप्टन. मधे फाळणी. माणूस तोच, स्टिक तीच. आता याला काय म्हणाल? मी तरी काही म्हणणं सोडून दिलं.

प्रश्न : माझा भाचा टोरंटोला असतो. तो म्हणतो मामा तुमची हॉकी ठीक आहे पण खरे दिलदार खेळाडू आमच्या आईस हॉकीत, पाय मोडला तरी खेळतात. मला वाटतं फेकतो. खरं काय? (सदर)

भाऊ : फेकत नाही. उलट कमीच सांगतोय. २०१३ला बोस्टनचा ग्रेगरी कॅम्पबेल नावाचा खेळाडू, स्टार वगैरे नाही, खालच्या फळीतला. टीमचा एक माणूस पेनल्टीत बाहेर, म्हणजे एक कमी, आणि समोरून पिट्सबर्गचा माल्किन शॉट मारतोय, हा आडवा पडला. पाय मोडला. बर्फावर खेळ चालू असताना तो बाहेर येऊ शकत नव्हता, म्हणून जवळजवळ एक मिनिट तो एका पायावर उभा राहून पास अडवत राहिला. व्हिडिओ पाहा भाच्यासोबत, पण जेवण झाल्यावर पाहा. त्याच वर्षी त्याच टीमचा बर्जेरॉन फायनलला मोडलेली फासळी, निखळलेला खांदा घेऊन खेळला, आणि नंतर कळलं फुप्फुसालाही छिद्र पडलं होतं. इथं मात्र मी मानेवाड्याच्या ताईंच्या बाजूचा आहे. मोडलेली फासळी घेऊन खेळू देणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला कौतुक वाटत नाही, कोणाला वाटत असेल तर वाटो.

मला त्यांची दुसरी एक गोष्ट जास्त आवडते. त्यांच्याकडे गोल झाला की मारणाऱ्यासोबत त्याच्या आधीच्या दोन जणांचंही नाव लिहितात, ज्यानं पास दिला तो आणि त्याच्या आधी ज्यानं दिला तोही, दोघांना गोलएवढाच एक-एक पॉइंट. म्हणजे आमच्या रशरला नाही तरी पास देणाऱ्याला तरी कागदावर जागा आहे. वेन ग्रेट्झकी, ज्याला ते लोक देव मानतात, त्याचे गोल ८९४ आणि पास १,९६३. गंमत अशी की त्याचा एकही गोल धरला नाही, नुसते पास धरले, तरी गोल-पास मिळून दुसऱ्या कोणाचे एवढे पॉइंट झालेले नाहीत. गोलांचा आकडा शेवटी ओव्हेच्किननं २०२५ला मोडला, पासचा मोडायला कोणी जवळपासही नाही. आणि हाच ग्रेट्झकी १९८८ला, एडमंटनला त्यांच्या लीगचा चौथा कप जिंकून दिल्यावर त्याच उन्हाळ्यात मालकानं लॉस एंजेलिसला देऊन टाकला, सोबत दीड कोटी डॉलर घेतले. पत्रकारांसमोर रडला बिचारा. धरमपेठच्या साहेबांनी हे वाचावं.

आणि एक रे बोर्क. बोस्टनला २० वर्षांच्या वर काढली. १९८७ची गोष्ट, हा ७ नंबर घालायचा, आणि तोच नंबर आधी फिल एस्पोझिटोचा होता, त्याच्या सन्मानाचा कार्यक्रम होता बर्फावर. बोर्क ७ नंबरची जर्सी घालून त्याच्यापर्यंत गेला, तिथंच ती काढली, आत दुसरी जर्सी, ७७ नंबरची. ७ नंबर काढून त्याच्या हातात दिला. आपल्याकडे पोट्टे टीममध्ये दहा नंबरसाठी कॉलर धरतात आणि हा बाबा भर स्टेडियममध्ये नंबर देऊन मोकळा. पुढं बोस्टनला कप मिळेना म्हणून वय झाल्यावर कोलोराडोला गेला, २००१ला कप जिंकला. त्यांच्यात रीत अशी की कप आधी कॅप्टन डोक्यावर उचलतो. सॅकिक नावाच्या कॅप्टननं कप घेतला आणि स्वतः न उचलता सरळ बोर्कच्या हातात दिला. आता बोस्टन सोडून गेला म्हणून बोर्क बेईमान का? बोस्टनवाल्यांनीच त्याला कपासकट बोलावून मिरवलं.

भाच्याला एक उलटी गोष्टही सांगा, त्याच्याच गावची, तिथं सगळे जाणतात पण सांगायला लाजतात. २०२०ला टोरंटोत मॅच, पाहुण्या कॅरोलिनाचे दोन्ही गोली जखमी. नियमाप्रमाणे स्टेडियमनं ठेवलेला राखीव गोली आत गेला, डेव्हिड एयर्स, ४२ वर्षांचा, एरवी बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवणारा, टोरंटोवाल्यांच्याच छोट्या टीमसोबत प्रॅक्टिस करणारा. आणि त्यानं टोरंटोलाच हरवलं. पहिले दोन बॉल (पक म्हणतात त्याला) आत गेले, पुढचे आठ अडवले. ज्यांच्यासोबत प्रॅक्टिस करतो त्यांच्याविरुद्ध जीव तोडून खेळला, कारण त्या रात्री ज्यांची जर्सी अंगात होती ते समोर बसून त्याच्याकडे पाहत होते. असो, भाच्याला म्हणा इकडं ये, जानेवारीत ये, मे महिन्यात नको.

प्रश्न : सर, मी गोलकीपर आहे. कॉलेजच्या टीममध्ये दोन वर्षं राखीव आहे. सगळ्या प्रॅक्टिसला मी असते, मॅचला बेंचवर. सगळे म्हणतात टीमसाठी बसावं लागतं. टीम जिंकली की आनंद होतो पण खोटं कशाला सांगू, पहिल्या गोलीला लागावं असं मनात येतं. मी वाईट आहे का? (कामठी रोड)

भाऊ : बेटा, हे ज्या राखीव गोलीच्या मनात आलं नाही तो राखीव गोली अजून जन्माला यायचाय. तू लिहून टाकलंस, बाकीचे मनात ठेवतात, एवढाच फरक. तिला खरंच लागलं तर पॅड बांधायला सगळ्यात आधी तूच धावशील हेही मला माहीत आहे.

कृष्णबहादूर पाठकचं नाव ऐकलंयस का? श्रीजेशच्या मागे वर्षानुवर्षं उभा राहिलेला गोली. बाकीच्या स्पर्धांत दोघं मॅचचे क्वार्टर वाटून खेळायचे, पण ऑलिम्पिकच्या १६ जणांत एकाच गोलीला जागा, पॅरिसला पाठक गेला तो राखीव म्हणून. रोज सकाळी हरमनप्रीतसारख्यांचे फ्लिक अंगावर घ्यायचे, कोणाला प्रॅक्टिस हवी म्हणून, आणि संध्याकाळी मॅच पाहायची. श्रीजेश रिटायर झाला, त्याच्या जर्सीचा १६ नंबर हॉकी इंडियानं सिनियर टीममधून कायमचा काढून ठेवला, ते योग्यच. पण मला नेहमी वाटतं त्या १६ नंबरच्या आतल्या बाजूला पाठकचेही थोडे काळे-निळे डाग असतील.

बेंचवरून उठलेला एक माणूस आपल्या इतिहासात आहेच, १९७५च्या सेमीफायनलचा अस्लम शेर खान. मलेशिया २-१ नं पुढे, मॅच संपत आलेली, पीसी मिळाली आणि त्याला आत पाठवलं, गळ्यातल्या तावीजाचं चुंबन घेतलं आणि बॉल गोलमध्ये. मग एक्स्ट्रा टाइममध्ये हरचरणनं जिंकवून दिलं. ही गोष्ट सगळे सांगतात. पण अस्लम आत आला म्हणजे कोणीतरी बाहेर आलं ना? मायकेल किंडो. आदिवासी समाजातून आलेला, मागच्या फळीतला पक्का फुलबॅक. सेमीफायनल, टीम मागे, शेवटची काही मिनिटं, आणि तुला सांगतात की ये बाहेर. त्या माणसाला त्या क्षणी काय वाटलं असेल, याचा विचार मी बेंचवर बसलो की करायचो, कारण मी पुष्कळ बसलोय.

आता कामाचं. सरांना सरळ विचार, 'लीगच्या सोप्या मॅचमध्ये मला एक क्वार्टर द्याल का?' टीमसाठी बस म्हणणाऱ्यांनी टीमसाठी एवढं करायला हरकत नसावी. दोन वर्षांत एकही क्वार्टर दिला नसेल तर त्यांना दुसरा गोली तयार करायचाच नाहीये, फुकटात शॉट अडवणारी पाहिजे, आणि मग तू विदर्भाच्या ट्रायलला स्वतःहून जा.

प्रश्न : माझं वय २०. ज्या सरांनी मला सहावीपासून फुकट शिकवलं, पहिली स्टिकही त्यांनीच दिली, त्यांच्याच क्लबकडून खेळतो. आता बाहेरगावच्या एका टीमकडून स्टायपेंड, हॉस्टेल आणि पुढं नोकरीचं होऊ शकतं असं आलंय. क्लबचे पदाधिकारी म्हणतात गद्दार. सर काहीच बोलत नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो. जाऊ का? (हिंगणा)

भाऊ : जा.

आता का ते सांगतो, आणि यात माझं थोडं रडगाणं आहे, सहन कर. १९८७ला मला असंच बोलावणं आलं होतं, नोकरीसकट. आमच्या क्लबच्या सेक्रेटरीनं खांद्यावर हात ठेवला, म्हणाला तू गेला तं टीम तुटून जाते रे, गावाशी बेईमानी करतं का? मला भरून आलं. राहिलो. पुढच्या सीझनला नोटीस बोर्डावर टीमची लिस्ट लागली, त्यात माझं नाव नाही आणि माझ्या जागी त्याचा पुतण्या. मला सांगायलाही कोणी आलं नाही, मी सायकलवर बसल्या बसल्या दोनदा वाचली ती लिस्ट, वाटलं दुसरं पान असेल.

पण त्याच वर्षी माझे वडील दवाखान्यात होते, २१ दिवस. आणि आमच्या टीमची चार पोरं, लेफ्ट हाफ, दोन्ही विंगर आणि गोली, आळीपाळीनं व्हरांड्यात झोपायला यायची, सकाळी साडेपाचला तिथूनच ग्राउंडवर. त्यातला गोली स्वतः किट बॅग उशाला घेऊन झोपायचा आणि त्या बॅगेचा वास असा की नर्स ओरडायच्या. हे चौघं आजही महिन्यातून एकदा पोहे खायला भेटतात, तर्री जास्त घेतात, गोळ्या खिशात असतात. सेक्रेटरीला शेवटचं कधी भेटलो आठवत नाही.

तर पदाधिकारी काय म्हणतात ते सोड, ते तुझ्या बाजूला कधी धावलेले नाहीत. राहिले सर. ते बोलत नाहीत म्हणजे रागावलेत असं तुला वाटतं, मला वाटतं ते घाबरलेत, की तू न सांगता जाशील. दुसऱ्या कोणाकडून त्यांच्या कानावर जाऊ देऊ नको, फोनवर सांगू नको, मेसेज तर मुळीच नको. सकाळी प्रॅक्टिसच्या आधी जा, सगळे यायच्या आत, गोलपोस्ट ओढायला त्यांना मदत कर आणि तेव्हा सांग. सुरू असलेली स्पर्धा पूर्ण खेळ, शेवटची मॅच हरायची असली तरी. तुझ्या जागी जो ज्युनियर येणार त्याला तुझ्या पोझिशनवर महिनाभर स्वतः शिकव. आणि नवीन टीमकडून स्टायपेंड किती, किती महिने, दुखापत झाली तर उपचार कोण करणार, हे कागदावर लिहून घे, 'नोकरीचं होऊ शकतं' या शब्दांवर हॉस्टेलची बॅग भरू नको.

ती सहावीतली स्टिक अजून असेल तुझ्याकडे. सरांकडे आता कोणीतरी नवीन पाचवी-सहावीतलं पोरगं आलंच असेल, त्याला द्यायला त्यांच्या हातात ठेव. ग्रिप मात्र नवीन गुंडाळून दे, जुनी ग्रिप आपल्या उन्हाळ्यात हाताला चिकटते.